नदीत सोड म्हणाला होतात

तुम्हाला जामाच्या झाडाला टांगलंय. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं, खालच्या फांदीला. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून बाहेर. सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर दोरीच्या मध्ये तुम्ही. तुमचाच टॉवेल होता, त्याला जागा होईना. मग तुम्हाला हाताने जरा बाजूला केलं आणि टॉवेल घातला. रश्मी मागच्या दारातून बघत होती. ती आत गेली आणि पोरीने हंबरडाच फोडला. मला काही झालं नाही. टॉवेल ओला आहे, तो वाळला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

हे असंच चाललंय. बायका येतात, बसतात, माझा हात धरतात. "तिला रडू द्या, मोकळी होऊ द्या," असं माझ्यासमोरच एकमेकींना सांगतात, जशी काही मी परगावी गेलेय. मीसुद्धा त्यांच्यासारखीच वाट बघत बसते, कधी रडते ही बाई. बोईसरहून तुमच्या कारखान्यातली माणसं आली होती. त्यांच्यातला तो उंच फिटर दाराशीच उभा राहून म्हणाला, "भाभीजी, नाइट शिफ्ट में नींद आती थी तो हम विलासभाई के पास जाते थे. हँसा हँसा के जगा देते थे." मी त्याला म्हटलं, "चहा घ्या." त्याने घेतला. सुतकाच्या घरात चहा विचारत नाहीत, हे तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता दुपार आहे. रश्मी जरा पडलीय. आणि मला तुमच्याशी बोलायचंय, कारण संध्याकाळी दादा येणार आहेत उत्तर मागायला.

काल ते ओटीवर येऊन बसले होते. थोरले भाऊ, पण तुमच्या मागे एका आठवड्यात त्यांची पाठ वाकलीय. म्हणाले, "सुमन, दहाव्याच्या आधी अस्थींचं बघाया लागंल. आपल्यात नाशिकलाच नेतात. बाबांना नेलं, आयेला नेलं. पण विलास तुला काय बोलून ठेवला असंल तर सांग. त्याच्या मनासारखं करू."

मी म्हटलं, "उद्या सांगते."

बोलून ठेवलं होतंत. स्पष्ट बोलून ठेवलं होतंत. दर्यात नको, नदीत सोड. हे फक्त मला माहीत आहे. आणि गंमत बघा, मी तोंड उघडलं नाही तरी तुमचंच होतंय. दादा नाशिकला नेणार, म्हणजे गोदावरी, म्हणजे नदी, म्हणजे सगळं तुमच्या मनासारखं. वर जव्हारचा घाटही लागेल रस्त्यात, तोही तुम्हाला आवडायचा. मला फक्त गप्प बसायचंय. पण मला ते नकोय. मला तुम्ही इथे, आपल्या केळव्याच्या समुद्रात हवे आहात.

दुसऱ्या कोणाचा नवरा असल्या गोष्टी आजारपणात सांगतो, नाहीतर एखाद्या मयतावरून परत येताना. तुम्ही कुठे सांगितलंत? बालीत. आरामखुर्चीत पाय लांब करून, शहाळं पिताना.

मला त्या दिवसाशिवाय दुसरं काही आठवतच नाहीये. एवढा संसार झाला, त्यातलं काहीतरी आठवावं म्हणून डोळे मिटते, तर तो एकच दिवस पुढे येऊन उभा राहतो. लग्नाचं आठवत नाही, रश्मीच्या वेळचं आठवत नाही. आठवतं काय, तर कानामागे चाफा खोचलेले तुम्ही.

आपलं फिरणं म्हणजे काय होतं? गावातली शितळादेवी, आणि नवरात्रात एडवणची आशापुरी, तीही स्कूटरवरून, दुपारच्या आत परत. कारण वेलींना पाणी. कारखान्याची शिफ्ट आणि वाडीतल्या पानवेली, ह्या दोघी माझ्या आधीपासून तुमच्या घरात होत्या, मी तिसरी आले. पानं खुडायची ती वेळच्या वेळी, वेल बांधायची ती वेळच्या वेळी, आणि आत शिरताना चपला बाहेर, देवळासारख्या. ह्या सगळ्यातून तुम्ही गाव सोडून जाणार कधी?

आणि दर शनिवारी मुंबईची माणसं आपल्या दारावरून समुद्रावर जायची. टोप्या, चटया, रडणारी पोरं. तुम्ही कुंपणाशी उभे राहून त्यांना रस्ता सांगायचात. रस्ता सरळ, समोर सुरूची झाडं दिसतायत, लाटांचा आवाज येतोय, तरी सांगायचात. मग आत येऊन म्हणायचात, "मजा हाय बाबा ह्यांची." मी म्हणायचे, "ती अर्धा दिवस गाडीत बसून येतात तिथे आपण जन्मभर राहतो. मजा कोणाची?" तुम्ही हसायचात. पटलेलं नसायचं ते मला कळायचं.

तुम्ही कारखान्यातून निवृत्त झालात आणि पुढच्या मे महिन्यात रश्मीने बालीची तिकिटंच पाठवली. ती, जावई आणि आपण दोघं. माझं विमानात बसल्यापासून तोंड वाकडं. कान दुखले, जेवण गोडमिट्ट लागलं, खोलीत नहाणीला दार नीट नाही. तुम्ही मात्र लग्नाला निघालेल्या नवऱ्यासारखे. साबणाच्या वड्या सुद्धा हुंगून बघत होतात.

तो दिवस आपला दोघांचाच होता. रश्मी आणि जावई नदीत रबरी होडीतून आदळत जाण्याच्या खेळाला गेले. "तुम्ही दोघं आरामात फिरा, देवळं बघा, समुद्र बघा, घाई करू नका," असं म्हणून आपल्याला एक गाडी दिली आणि वायान नावाचा ड्रायव्हर. तुम्ही टपकन पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसलात आणि बोईसरचं हिंदी त्याच्यावर चालवायला सुरुवात केलीत. "भैया, आराम से चलाओ, हमको कुछ जल्दी नहीं." तो हसून म्हणाला, "येस, पापा." तुम्ही मागे वळून मला म्हणालात, "बघ, समजलं त्याला."

मी खिडकीतून बघत होते. नारळ. मग केळी. मग भाताची खाचरं. मग परत नारळ. मी म्हटलं, "अहो, विमानाने फिरवून फिरवून आपल्याला एडवणला तर नाही ना उतरवलं?" तुम्ही मान मागे टाकून हसलात. वायानला काही कळलं नाही, पण तोही हसला. तुमच्या शेजारी बसलेला माणूस हसायचाच, त्याला भाषा लागायची नाही.

पहिलं देऊळ समुद्रातल्या काळ्या खडकावर. ओहोटी होती म्हणून चालत जाता आलं. पण आत जायचं तर कमरेला लुंगीसारखं वस्त्र गुंडाळायला लागतं. गोऱ्या माणसांची तारांबळ उडाली होती, एकाची गाठ सुटत होती, एकाने तर उलटंच बांधलं होतं. तुम्ही एका झटक्यात नेसलात, निऱ्या काय, खोचा काय. मग त्या उलट्यावाल्याजवळ गेलात, त्याच्याकडून ते सोडवून घेतलंत आणि लहान पोराला नेसवावं तसं त्या धिप्पाड माणसाला नेसवलंत. तो हात जोडून "थँक्यू, थँक्यू" करत राहिला. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "आता पडणार नाय. पळालास तरी पडणार नाय." मला लाज वाटली होती. आता वाटत नाही. आता काहीच वाटत नाही, नुसतं दिसतं.

पुजाऱ्याने डोक्यावर पाणी शिंपडलं, कपाळाला तांदूळ चिकटवले आणि कानामागे चाफ्याचं फूल खोचलं. कोणता देव, म्हणून तुम्ही विचारलंत. वायान म्हणाला, समुद्राचा. "मग आपलाच की," म्हणालात आणि शितळादेवीला करता तसाच नमस्कार केलात, दोन्ही कान धरून. ते फूल तुम्ही दिवसभर काढलं नाहीत. साठी उलटलेला बाप्या, कानामागे चाफा. मी दोनदा सांगितलं काढा म्हणून. "देवानं घातलंय, मी कोण काढणारा," म्हणालात.

आणि मग ती गल्ली. ते मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं, तुम्ही सगळ्या गावाला सांगत सुटलात तरी. देवळाबाहेर दुकानांची रांग होती आणि प्रत्येक दुकानासमोर जमिनीवर नारळाच्या पातीची तळहाताएवढी परडी ठेवलेली. फुलं, भाताची शितं, उदबत्ती. लोक शेजारून चालत होते. तुम्ही एका परडीजवळ वाकलात, बोटाने फुलं बाजूला केलीत आणि ओरडलात, "सुमन! अगो, विडा हाय हा!" खरंच विडा होता. पानाचा तुकडा, सुपारीचा तुकडा, जरासा चुना. आपली सगळी वाडी त्या एवढ्याशा परडीत.

तुमचा चेहरा आधी फुलला आणि मग उतरला. पान जमिनीवर. लोकांच्या पायाशी. जो माणूस वेलीत शिरताना चपला काढतो, घरात पडलेलं सुकं पान दिसलं तरी उचलून कपाळाला लावतो, त्याला ते बघवेना. तुम्ही ती परडी उचललीत आणि दुकानाच्या कट्ट्यावर ठेवलीत. मग पुढच्या दुकानाची. मग त्याच्या पुढची. मी मागून येत म्हणतेय, "अहो, नका, त्यांचं काही असेल," आणि तुम्ही आपले परड्या उचलत चाललायत. "अगो, विसरलेत ते. कोणाचा तरी पाय पडंल." गल्ली अर्धी झाली तेव्हा एक बाई दुकानातून बाहेर आली. बघते तर हा कोण पाहुणा, कानामागे फूल, आणि सगळ्यांचा नैवेद्य उचलतोय.

वायान धावत आला. त्याने हाताने, तोडक्या इंग्रजीने, जमेल तसं समजावलं. वरच्या देवांना वर ठेवतात, हा खालच्यांसाठी. जमिनीवर राहणारे जे कोण आहेत, भुतंखेतं, बरेवाईट, त्यांच्यासाठी. त्यांनाही भूक असते. त्यांना दिलं नाही तर ती त्रास देतात.

मला वाटलं आता तुम्ही वाद घालणार. पण तुम्ही त्याचं शेवटपर्यंत ऐकलंत. मग मागे फिरलात आणि एकेक परडी कट्ट्यावरून उचलून परत खाली ठेवलीत, जिची तिथे. शेवटची ठेवताना तुमचा हात खाली जाईना. जमिनीपासून वीतभर वर थांबला. ती दुकानवाली बाई बघत होती. तिने येऊन तुमच्या हाताखाली आपला हात धरला आणि परडी खाली टेकवली. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. तुम्ही तिला म्हणालात, "आमच्यात पान खाली ठेवत नाय हो बाय." ती काहीतरी तिच्या भाषेत म्हणाली. मग तुम्ही दोघंही हसलात.

गाडीत बसल्यावर तुम्ही मागे पडणाऱ्या परड्या बघत राहिलात. मग म्हणालात, "खालच्यांना पण देतात. आपण फक्त वरच्यांनाच देत आलो." मी म्हटलं, "तुमचं निम्मं पान ते वाडीतल्या गोगलगायी खातात, ते कोणाला दिलंत?" त्यावर तुमचं तोंड परत चालू झालं.

दुपारी समुद्रावर. रेती काळी, आपल्यासारखीच. छत्रीखाली दोन आरामखुर्च्या आणि दोन शहाळी. तुम्ही शहाळं फिरवून फिरवून बघितलंत आणि ज्याने तासलं त्याच्या कोयत्याला नावं ठेवलीत. मी म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. हेच सगळं दारात आहे आपल्या. शहाळी वाडीत पडून कुजतात. कशाला आलो एवढं लांब?"

तुम्ही समुद्राकडेच बघत होतात. म्हणालात, "सारखं हाय म्हणून तर बरं वाटतंय गो. एकदम परकं असतं तर मी भ्यालो असतो. हे कसं, आपलंच हाय, पण काम नाय."

मग मी तुमच्याकडे नीट बघितलं. काम नाही. तुमच्या हातात काहीच नव्हतं. घरी तुमच्या हातात कायम काहीतरी असायचं, कोयता, सुंभ, पानांची चळत, निदान रिमोट. त्या दिवशी हात मांडीवर नुसते पडले होते, तळवे वर करून. एवढ्या वर्षांत मी तुमचे रिकामे हात कधी बघितले नव्हते. गेल्या आठवड्यात तुम्हाला जमिनीवर खाली घेतलं तेव्हा हात परत तसेच होते. बायका रडत होत्या आणि मला वाटलं, अरे, हे तर बालीला बसलेत.

तेवढ्यात तिथे समुद्रावर काही माणसं आली. पांढऱ्या कपड्यांतली, बायका-पुरुष सगळे, पुढे वाजंत्री. मला वाटलं लग्न. वायान म्हणाला, राख. जाळून झालं, आता राख समुद्रात सोडायला आणलीय. कोणी मोठ्याने रडत नव्हतं. पाण्यापाशी बसून काहीतरी पूजा केली आणि मग दोघं-तिघं कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि सोडून आले. बाकीचे काठावर उभे राहून बघत होते. एका बाईच्या हातात मोबाईल होता, ती फोटो काढत होती.

तुम्ही शहाळ्यातली नळी तोंडातून काढलीत. "मला असं नको गो करू."

"कसं?"

"दर्यात. आपला दर्या तुला ठाव हाय ना? ओहोटीला नेतो नि भरतीला परत आणून टाकतो. गणपतीचे पाट बघ. नारळ बघ. संध्याकाळी सोडला, सकाळी सुरूच्या बुंध्याशी. मी पण तसाच परत यायचो. जन्मभर तिथंच, मेल्यावर पण तिथंच. मला नदीत सोड. कुठल्या पण नदीत. नदी पुढे तरी जाते."

मी म्हटलं, "नदी पण शेवटी समुद्रालाच मिळते."

"मिळू दे. पण रस्त्यात गावं लागतात ना."

"अभद्र बोलू नका. शहाळं संपवा."

तुम्ही संपवलंत. मलई काढून मला दिलीत. विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले.

पण तुमचा संपला नव्हता. घरी आल्यावर तुम्ही निराळेच झालात. पेपरातल्या सहलीच्या जाहिराती कापून ठेवायला लागलात. अंदमान, श्रीलंका, कन्याकुमारी. पहिल्यांदा वाटलं नव्याचे नऊ दिवस, ओसरेल. ओसरलं नाही. तुम्ही म्हणायचात, "अंदमानला जाऊ." मी म्हणायचे, "पानवेलींचं कोण बघेल?" जन्मभर हे उत्तर तुम्ही मला दिलंत, आता मी ते तुम्हाला द्यायला लागले. तुम्ही शेजारच्यांशी बोलून पाण्याची व्यवस्था लावलीत, मग मी गुडघे पुढे केले. गुडघ्यांवर तुम्ही तेल आणलंत. मग मी म्हटलं, दुरून डोंगर साजरे, बेट ते बेट, नारळ ते नारळ. असं ते भांडण चालू राहिलं, जेवताना, अंगणात, लाईट गेल्यावर. अंदमानला आपण गेलो नाही. त्याचं मला वाईट वाटतंय की नाही, तेही अजून कळत नाही. आत काहीतरी सुन्न होऊन बसलंय, त्याला हाक मारली तरी ते ओ देत नाही.

एक मात्र सांगते. मला तो दिवस आवडला होता. गाडीत मागे बसून तुमचं ते हिंदी ऐकणं, त्या गोऱ्याची लुंगी, परड्या उचलत चाललेले तुम्ही, सगळं. संध्याकाळी हॉटेलात आल्यावर रश्मीने विचारलं, "आई, मजा आली?" मी म्हटलं, "ठीक होतं. केळवं काय वाईट?" तुमचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. मग विमान, मग घर, मग पाऊस, मग कायकाय. तुम्हाला वाटलं असेल मी तुमच्याबरोबर नुसती ओढत गेले. तसं नव्हतं. तुम्ही होतात म्हणून ते बेट होतं. तुम्ही नसतात तर ते मला नारळच दिसले असते.

आणि तुमचं ते नदीचं. मी त्यावर हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं, हे खरं. शहाळं संपवा म्हटलं होतं.

अंगणात चपलांचा आवाज येतोय. दादा आले.

*

दादा येऊन गेले. चूल पेटलीय, रश्मी भात लावतेय. मी मागच्या पायरीवर बसलेय, समोर जामाचं झाड. सांगते काय झालं.

ते ओटीवर बसले. पाणी घेतलं. म्हणाले, "सांग, पोरी." मला ते कधी पोरी म्हणाले नव्हते.

मी मनात म्हणत होते, गप्प बस, सुमन, नाशिक होऊन जाईल, त्यांच्या मनासारखं होईल, तू वाईट ठरणार नाहीस. खोटंही बोलता आलं असतं. केळव्याला सोडा म्हणाले होते, असं म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण खोटं बोलले असते तर तुमच्याशी भांडण उरलंच नसतं.

म्हणून खरं सांगितलं. "त्यांनी बोलून ठेवलं होतं. दर्यात नको, नदीत सोड, असं म्हणाले होते."

दादांनी श्वास सोडला. "मग बरंच झालं. नाशिक ठरलं. परवा गाडी सांगतो."

"नाय," मी म्हटलं. "केळव्याला."

त्यांना वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. "अगो, पण आता तूच बोललीस ना, नदीत म्हणून?"

"ते बोलले होते. मी हो म्हटलं नव्हतं."

रश्मी आतून आली. हात ओल्या तांदळाचे. "आई, बाबांची शेवटची इच्छा आहे ती. असं कसं म्हणतेस तू?"

आणि माझा आवाज चढला. किती दिवसांत चढला नव्हता. "इच्छा त्यांची, आणि माझी? ते गेले. त्यांना आता कुठे राहायचं नाही. मला राहायचंय. ह्या घरात, ह्या वाडीत, एकटीला. मी उठून रोज नाशिकला जाऊ? कुठल्या नदीच्या मागे पळू मी? हा समुद्र आणतो परत, हे त्यांनीच मला सांगितलंय. त्यांना तेच नको होतं. मला तेच हवंय."

पुढचं बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द नाही निघाले, दुसरंच काहीतरी निघालं. मोठ्याने. गाईसारखं. रश्मीने मला धरलं, तिच्या हाताचे तांदूळ माझ्या पदराला लागले. बायका एवढे दिवस वाट बघत होत्या, आणि झालं तेव्हा एकही नव्हती बघायला.

दादा माझं थांबेपर्यंत बसून राहिले. मग पंच्याने डोळे पुसून, खांबाला धरून उठले. "विलासला राग येईल," म्हणाले.

मी म्हटलं, "येऊ दे."

"तो पण भांडकुदळ नि तू पण." पायरी उतरताना ते थांबले आणि सवयीने आकाशाकडे बघून पाण्याचा हिशेब केला. "उद्या सकाळची ओहोटी हाय. पाणी फिरताना सोडू, म्हणजे जातंय."

असं ठरलंय. तुम्हाला आवडलेलं नाही, हे मला इथून दिसतंय. उद्या दादा तुम्हाला घेऊन जातील. ओहोटी धरून जा. एडवण बघा, त्याच्या पुढे काय आहे तेही बघून घ्या, मी अडवत नाही. संध्याकाळी पाणी चढायला लागलं की मी सुरूखाली येऊन बसेन. भांडायचं असेल तर तेव्हा या.